डॉ. विल्यम ओशॉनेसी : गांजाचा डोस मोजणारे डॉक्टर

गांजाच्या तेलाने संधिवाताची सूज उतरते का, असं बीडमधले रुग्ण हल्ली अधूनमधून विचारतात. मोबाइलवर जाहिरात पाहिलेली असते. हा प्रश्न १८३९ साली कलकत्त्यात एका डॉक्टरांनी रुग्णांवर तपासला होता.

विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. शिक्षण एडिंबरोत. इंग्लंडमध्ये कॉलरा आला तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. रुग्णांच्या रक्तातलं पाणी आणि क्षार कमी होतात, हे त्यांनी तपासून दाखवलं. त्यावरून थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये शिरेतून मिठाचं पाणी दिलं. आजच्या सलाइनचं मूळ हेच.

१८३३ मध्ये ते भारतात आले आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. वैद्य-हकीम भांग-गांजा पूर्वापार वापरत होते. ओशॉनेसींनी त्यांच्याकडून माहिती घेतली, पण औषध आधी कुत्र्यांसारख्या प्राण्यांना देऊन पाहिलं, मग माणसांना. संधिवाताच्या एका रुग्णाला एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम राळ दिली. दोन तासांत तो बडबडू लागला, गाऊ लागला, मोठ्याने जेवण मागू लागला. रात्री आठला मात्र बेशुद्ध! हात उचलून ठेवला की तसाच अधांतरी राहायचा. काही तासांनी तो सावरला. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं, लपवलं नाही. मला त्यांचं मोठेपण इथे वाटतं. पिसाळलेला कुत्रा चावलेला एक रुग्ण वाचला नाही. त्याचे हाल कमी झाले, एवढंच त्यांनी सांगितलं.

पुढे लंडनमध्ये गांजाचा अर्क औषध म्हणून निघाला. पण प्रत्येक खेपेची ताकद वेगळी, आणि पाण्यात विरघळत नसल्याने इंजेक्शनही करता येईना. १८९९ मध्ये अॅस्पिरिन बाजारात आलं. ओशॉनेसी स्वतः तोवर केव्हाच तारायंत्राकडे वळले होते. कलकत्ता-मुंबई तार त्यांच्याच देखरेखीखाली जोडली गेली. १८८९ मध्ये ते वारले.

गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये उलगडली. हे घटक मुख्यतः मेंदूतल्या सीबी१ आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच्या सीबी२ या रिसेप्टरवर काम करतात. रेणूत बदल करून नशा टाळायची आणि सूज तेवढी उतरवायची, असा आता प्रयत्न आहे. लेनाबासम हे असंच एक औषध. त्वचा कडक होणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये २०२० च्या मोठ्या चाचणीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आमवातासाठी असं एकही औषध अजून मंजूर नाही.

आमवातात दुखणं कमी झालं तरी आतली सूज सांधा झिजवत राहू शकते, म्हणून मेथोट्रेक्सेट स्वतःहून बंद करू नका. गांजाच्या तेलातल्या सीबीडीमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. तेल घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.