समजून घ्या : सायकलचे इंजिन का रुसते? सोइचिरो होंडांनी शोधलेली उत्तरे

अकोल्याच्या जठारपेठेत एखाद्या घरी जुनी लुना उभी असेल, तर तिची दुखणी घरातल्या सगळ्यांना पाठ असतात. सकाळी कितीही पॅडल मारा, सुरू होत नाही. चढावर दम टाकते. मे महिन्याच्या उन्हात चालता चालता बंद पडते आणि वरून कपड्यांवर तेलाचे डाग पाडते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये एका मेकॅनिकने सायकलला इंजिन बसवले, तेव्हा त्याच्यापुढेही अशीच दुखणी होती. त्याचे नाव सोइचिरो होंडा. पुढे जगातली सर्वात मोठी दुचाकी कंपनी उभी करणाऱ्या या माणसाचे आयुष्य म्हणजे इंजिनाच्या तक्रारी ऐकण्याचाच इतिहास आहे.

मेकॅनिक कसा घडला?

होंडांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो गावात झाला. वडील गिहेई लोहार होते. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचे दुकानही काढले. सोइचिरो १९२२ मध्ये टोकियोतील ‘आर्ट शोकाई’ या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागले. सुरुवातीचे काही महिने हातात पाना नव्हता, मालकाचे मूल सांभाळायचे काम होते. मात्र हात वळल्यावर मालकाचा विश्वास इतका बसला, की १९२८ मध्ये हामामात्सुत त्याच नावाची शाखा काढण्याची परवानगी त्यांना मिळाली.

५० पैकी फक्त ३ रिंगा पास

दुरुस्तीवर समाधान न मानता होंडा पिस्टन रिंग बनवण्याकडे वळले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट ही रिंग बंद ठेवते. ती झिजली की दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, निसटतो. मग इंजिन सुरू व्हायला त्रास देते आणि ओढही कमी होते.

त्यांनी टोयोटाला ५० रिंगा तपासणीसाठी दिल्या. त्यातल्या फक्त ३ पास झाल्या. हात कुशल होता, पण धातूशास्त्र ठाऊक नव्हते. तेव्हा गॅरेज चालवणारे, संसारी होंडा हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत जाऊन बसले. पदवीशी त्यांना देणेघेणे नव्हते, रिंग का फसते एवढेच जाणून घ्यायचे होते. उत्तर सापडले आणि त्यांच्या ‘तोकाई सेइकी’ कंपनीच्या रिंगा टोयोटाने घेतल्या.

सायकलला इंजिन लावायची वेळ का आली?

युद्धात बॉम्बहल्ल्यांनी कारखान्याचे नुकसान केले. उरलेसुरले जानेवारी १९४५ च्या भूकंपाने पाडले. होंडांनी कंपनी टोयोटाला विकली आणि १९४६ मध्ये हामामात्सुतच छोटीशी संशोधन कार्यशाळा सुरू केली.

तेव्हा जपानमध्ये रेल्वेगाड्या खचाखच भरलेल्या असत आणि पेट्रोल रेशनवर होते. लोकांचा भरवसा सायकलवर. अशात होंडांच्या नजरेस लष्कराच्या वायरलेस संचाला वीज पुरवणारे छोटे इंजिन पडले. त्यांनी ते सायकलला बसवले. पहिली इंधनटाकी म्हणून शेकण्याची गरम पाण्याची बाटली वापरली. अशी सुमारे ५०० इंजिने त्यांनी मिळवली, खोलून दुरुस्त केली आणि सायकलींना जोडून विकली.

पहिली तक्रार घरातूनच

गाडी भर रस्त्यावर चालवून पाहण्यासाठी त्यांनी पत्नी साची यांना दिली. साची परतल्या तेव्हा त्यांचे चांगले कपडे तेलाने माखले होते. असे असेल तर गिऱ्हाईक गाडी घेणार नाही, हे उघड होते.

कारण कार्बोरेटरमध्ये सापडले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. आत येण्याची वाट वेळेवर बंद झाली नाही, तर खाली येणारा पिस्टन त्यातले काही मिश्रण उलटे कार्बोरेटरमधून बाहेर ढकलतो. तेच कपड्यांवर उडत होते. १९४७ मध्ये होंडांनी स्वतः बनवलेल्या ५० सीसीच्या ‘ए-टाइप’ इंजिनात फिरती चकती बसवली. ती ही वाट ठरलेल्या क्षणी उघडते आणि बंद करते. लोकांनी या गाडीला आवाजावरून ‘बाता-बाता’ असे नाव दिले.

दुसरी अडचण इंधनाची. पेट्रोल पुरत नसल्याने त्यात पाइनच्या झाडाचे तेल मिसळले जाई. ते सहज पेटत नसे. त्यामुळे इंजिन तापेपर्यंत पॅडल मारत राहावे लागे आणि धूर भरपूर निघे. इंजिनात काहीही मोडलेले नव्हते, दुखणे टाकीत होते.

कंपनी झाली, तक्रारी थांबल्या नाहीत

२४ सप्टेंबर १९४८ रोजी ‘होंडा मोटर’ची स्थापना झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले. कारखाना होंडांनी पाहायचा आणि पैसा व विक्री फुजिसावांनी, अशी वाटणी ठरली. १९५१ मध्ये फोर-स्ट्रोक ‘ड्रीम ई’ तयार झाली, तेव्हा ती हाकोने घाटात भर जुलैत चढवून तपासली. इंजिन न तापता गाडी वर पोहोचली.

१९५२ मध्ये सायकलच्या मागच्या चाकाजवळ बसणारे ‘कब एफ’ इंजिन आले. फुजिसावांनी देशभरातील ५० हजारांहून अधिक सायकल दुकानदारांना पत्रे पाठवली आणि हजारो दुकाने जोडली गेली. ज्याच्याकडे पंक्चर काढायचे, त्याच्याकडेच इंजिन मिळू लागले. १९५८ मध्ये ‘सुपर कब’ आली. २०१७ पर्यंत या मालिकेच्या १० कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या.

होंडांचे निदान कुठे चुकले?

होंडा तापट होते, कामगारांवर हातही उगारत. मोटारीचे इंजिन हवेनेच थंड व्हावे, हा त्यांचा हट्ट १९६० च्या दशकाअखेर कंपनीला जड जाऊ लागला. धुरातले प्रदूषण कमी करायचे तर तापमान नेमके ठेवावे लागेल आणि त्यासाठी पाण्याने थंड होणारे इंजिन हवे, असे तरुण अभियंते सांगत होते. होंडा ऐकेनात. अखेर फुजिसावांनी त्यांना एकच निवड करायला लावली : अध्यक्ष राहायचे की अभियंता? होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि तरुणांना वाट मोकळी करून दिली. त्यातूनच १९७२ मध्ये ‘सीव्हीसीसी’ इंजिन जाहीर झाले. ते अमेरिकेच्या कडक प्रदूषण नियमांत बसले. १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघेही एकत्र निवृत्त झाले.

तुमच्या गाडीसाठी काय घ्यायचे?

लगेच इंजिन खोलू नका. सोप्याकडून अवघडाकडे जा.

• इंधन : कॉक सुरू आहे का? पेट्रोल जुने आहे का? टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले, तर थोडे चालून गाडी बंद पडते.
• ठिणगी : प्लग काढून पाहा. ओला आणि काळा असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होत आहे. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नसावे. सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी तपासू नका.
• हवा : एअर फिल्टर चोंदला, की गाडी पेट्रोल जास्त खाते आणि धूर काढते.
• धूर निघण्याची वाट : टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये कार्बन साचला की ओढ जाते.
• दाब : वरचे सगळे ठीक असेल आणि पॅडल फारच हलके लागत असेल, तरच रिंगांचा संशय घ्या. पुढचे काम मेकॅनिकचे.

टू-स्ट्रोक गाडीत ऑइलचे प्रमाण माहितीपुस्तिकेनुसारच ठेवा. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो.

महाराष्ट्राशी नाते

अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची लुना आणली. याच कंपनीशी होंडाने पुढे भागीदारी केली आणि १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली ‘कायनेटिक होंडा’ भारतीय रस्त्यांवर आली. सुरू करण्यासाठी पॅडल मारायची कटकट तिथे संपली.

निवृत्तीनंतर होंडा जपानभर फिरून आपल्या कंपनीतल्या कामगारांचे आभार मानत राहिले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावर वाहतूक कोंडी होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. वाहने बनवणाऱ्याने लोकांची वाट अडवणे त्यांना पटणारे नव्हते.