विल्यम बोमन

सर विल्यम बोमन (२० जुलै, इ.स. १८१६ - २९ मार्च, इ.स. १८९२) हे इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ व नेत्रशल्यचिकित्सक होते. मूत्रपिंडातील बोमन संपुटामुळे त्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. तुंबलेल्या अश्रुमार्गावरील उपचारांतही त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

जीवन

बोमन यांचा जन्म चेशायरमधील नँटविच येथे झाला. बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात उमेदवारी करून ते इ.स. १८३७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. स्नायू, मूत्रपिंड व डोळा यांच्या रचनेचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाने अभ्यास केला. इ.स. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व पुढील वर्षी त्यांना रॉयल पदक मिळाले. इ.स. १८४६ पासून ते मूरफील्ड्स येथील नेत्र रुग्णालयात काम करू लागले. इ.स. १८८४ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब देण्यात आला.

अश्रुमार्गावरील उपचार

अश्रू पापण्यांच्या नाकाकडील टोकांशी असलेल्या छिद्रांतून सूक्ष्म नलिकांवाटे अश्रुपिशवीत व तेथून नाकात उतरतात. हा मार्ग तुंबल्यास पिशवीत अश्रू साचून जंतुसंसर्ग होतो व पू धरतो. या विकाराला मराठीत लासूर म्हणतात. फ्रेंच शल्यचिकित्सक दोमिनिक आनेल यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी नैसर्गिक छिद्रातून बारीक सळई घालण्याची पद्धत वापरली होती. बोमन यांनी सूक्ष्म नलिका चिरून रुंद केली व तीतून क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या धातूच्या सळया नाकापर्यंत नेल्या. इ.स. १८५७ मध्ये त्यांनी या उपचारावर लेख प्रसिद्ध केला.

या पद्धतीला मर्यादा होत्या. दाहामुळे आक्रसलेला मार्ग सळईने उघडला, तरी तो पुन्हा बंद होत असे. शिवाय पापणीच्या उघडझापीबरोबर अश्रू ओढून घेणारी नलिका चिरल्याने तिच्या कार्यात बाधा येई. त्यामुळे जुना मार्ग रुंदावण्याऐवजी अश्रुपिशवी थेट नाकात उघडण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेतील कॉल्डवेल यांनी इ.स. १८९३ मध्ये नाकातून, तर इटलीतील तोती यांनी इ.स. १९०४ मध्ये त्वचेला छेद देऊन अशी शस्त्रक्रिया वर्णिली. नाकातील अरुंद जागा व रक्तस्राव यांमुळे पहिली पद्धत दीर्घकाळ मागे पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्बिणीमुळे ती पुन्हा प्रचारात आली.

वारसा

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पिशवीलगतचे हाड काढून तिची आतील भिंत नाकात उघडली जाते. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. भिंत नेमकी कोठे चिरावी हे कळण्यासाठी पापणीच्या छिद्रातून सळई घालून ती आतून उचलून धरतात. या सळईला आजही बोमन यांचेच नाव आहे. त्यांचा मूळ उपचार मागे पडला. त्यांचे साधन मात्र वापरात राहिले.