आपण कुठं आहोत हे फोनला कळायला हवं, हा नाद पहिल्यांदा कुणी लावून घेतला?

भोरहून महाडला निघालं की वरंध घाट लागतो. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि मोबाईलची रेंज नेमकी हवी तिथंच जाते. अशा रस्त्यावर कामाचं ॲप कुठलं? जे रेंज जायच्या आधीच नकाशा उतरवून ठेवतं आणि गाडी चालू आहे हे ओळखून स्क्रीनवर दाखवण्याऐवजी बोलून सांगतं. थोडक्यात, माणसाची परिस्थिती बघून वागणारं ॲप.

या विचाराच्या मुळाशी गेलं की नाव येतं मार्क वायझर यांचं.

जन्म २३ जुलै १९५२, अमेरिकेतल्या इलिनॉयमधला. मिशिगन विद्यापीठातून १९७९ ला पीएचडी, मग मेरीलँड विद्यापीठात प्राध्यापकी आणि १९८७ ला कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत. हो, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीवर असते तीच झेरॉक्स.

तेव्हा एका टेबलावर एक कॉम्प्युटर असा हिशोब होता. वायझर यांना एका माणसाभोवती अनेक कॉम्प्युटर हवे होते, तेही लक्षात न येतील असे. १९८८ मध्ये त्यांनी याला युबिक्विटस कम्प्युटिंग हे नाव दिलं. त्यांच्या टीमनं तळहाताएवढा टॅब, वहीएवढा पॅड आणि भिंतीवरचा बोर्ड बनवला.

खरी गंमत टॅबची. तो इन्फ्रारेडवर चालायचा, त्यामुळं तो कुठल्या खोलीत आहे हे यंत्रणेला कळायचं. १९९४ ला बिल शिलिट, नॉर्मन ॲडम्स आणि रॉय वाँट या सहकाऱ्यांनी यातूनच सूत्र मांडलं: तुम्ही कुठं आहात, सोबत कोण आहे, जवळ कुठली साधनं आहेत. आज जीपीएस आणि सेन्सर हेच शोधतात.

पण खोली कळणाऱ्या यंत्राकडून ती साहेबालाही कळू शकते. हा धोका वायझर यांनी १९९१ च्या सायंटिफिक अमेरिकनमधल्या लेखातच लिहून ठेवला होता. दुसरी काळजी माणसाच्या लक्षाची. यंत्रानं सारखं खुणावू नये, गरजेपुरतंच पुढं यावं, यासाठी त्यांनी जॉन सीली ब्राऊन यांच्यासोबत शांत तंत्रज्ञानाची कल्पना मांडली. दिवसभर नोटिफिकेशन मारणाऱ्या ॲपवाल्यांनी हे वाचलेलं दिसत नाही.

हा माणूस ड्रमही वाजवायचा. त्यांच्या सिव्हियर टायर डॅमेज या बँडचा कार्यक्रम १९९३ मध्ये इंटरनेटवर थेट दिसला, असं करणारा तो पहिलाच बँड.

२७ एप्रिल १९९९ ला पोटाच्या कॅन्सरनं वायझर गेले. वय ४६. पहिला आयफोन यायला अजून आठ वर्षं होती.