बंदिमोचक बाळाजी विश्वनाथ

पेशवाईचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते थोरले बाजीराव. आपल्या नाशिक जिल्ह्याला तर त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा. कारण १८ ऑगस्ट १७०० रोजी त्यांचा जन्म झाला तो सिन्नरजवळील डुबेरे गावी, मातुःश्री राधाबाई यांच्या माहेरी, बर्वे यांच्या घरी. परंतु पुत्राच्या तेजामुळे पित्याचे चरित्र काहीसे झाकोळून गेले आहे. ते चरित्र आमच्या ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे आम्ही येथे ठेवीत आहो. बाळाजीपंतांच्या मुत्सद्देगिरीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या आयुष्यातील एका दुःखाविषयी. ते दुःख म्हणजे स्वतः मुलाबाळांसह शत्रूच्या हाती सापडणे आणि सुटकेसाठी दुसऱ्याच्या द्रव्याची वाट पाहणे.

बाळाजीपंत हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे भट. घराण्याकडे दंडा-राजपुरी व श्रीवर्धन येथील देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वैर आल्यामुळे त्यांस वतनाचा गाव सोडून घाटावर यावे लागले. बंधू जानोजी यांस सिद्दीने पोत्यात घालून समुद्रात बुडविले, असे परंपरा सांगते. भानू घराण्यातील मंडळी या वनवासात त्यांच्या सोबतीस होती. घाटावर आल्यावर बाळाजीपंतांनी वसुलाच्या कामात नाव मिळविले. पुणे व दौलताबाद या प्रांतांची सरसुभेदारी त्यांनी सांभाळली. घोड्यावर बसण्यात ते फारसे तरबेज नव्हते, अशी त्यांची प्रसिद्धी होती. त्यांचे खरे बळ होते ते हिशेबात, गोड वाणीत आणि सावकारांच्या पेढीवर असलेल्या पतीत. उजाड झालेल्या मुलखातून वसूल उभा करणारा व रिकाम्या खजिन्यावर फौज जमविणारा असा कारभारी त्या काळी दुर्मिळ होता.

१७०७ साली औरंगजेब मरण पावला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराजांची माळव्यात सुटका झाली. ही सुटका मात्र निखळ नव्हती. मातुःश्री येसूबाई, बंधू मदनसिंग आणि इतर आप्त मंडळी मोगलांनी ओलीस म्हणून मागे ठेवून घेतली. महाराज स्वदेशी परतले खरे, पण आईच्या जिवाची दोरी परक्यांच्या हाती राहिली. इकडे ताराबाईंशी कलह, सरदार दोलायमान, खजिना रिता. अशा वेळी बाळाजीपंतांनी महाराजांचा पक्ष उचलून धरला. १७११ मध्ये त्यांस सेनाकर्ते हे पद मिळाले आणि १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथे पेशवाईची वस्त्रे मिळाली.

शाहू महाराजांच्या राज्यारंभीच्या याच अस्थिर वर्षांत आम्ही वर म्हटलेला प्रसंग घडला. पाटस परगण्यातील हिंगणगावच्या गढीत दमाजी थोरात नावाचा सरदार ठाण मांडून बसला होता. आसपासच्या मुलखात तो धुमाकूळ घाली व कोणाचीच सत्ता मानीत नसे. त्याचा बंदोबस्त करण्याचे काम बाळाजीपंतांकडे आले. दमाजीने सलोख्याची बोलणी लावली आणि बेलभंडारावर हात ठेवून अभय दिले. बेलभंडाराची शपथ म्हणजे त्या काळच्या माणसाच्या दृष्टीने शेवटचा शब्द. त्या शब्दावर विश्वासून बाळाजीपंत भेटीस गेले. सोबत बाजीराव व चिमाजी हे कोवळ्या वयाचे दोन्ही पुत्र आणि स्नेही अंबाजीपंत पुरंदरे होते. आत जाताच सर्वांस कैद झाली. शपथेची आठवण देताच दमाजीने उत्तर केले की, बेल म्हणजे झाडाचे पान आणि भंडार म्हणजे आपण रोज जेवणात खातो ती हळद. त्याचे एवढे काय?

मग खंडणीची मागणी झाली. पैसा लवकर यावा म्हणून कैद्यांच्या तोंडाला राखेने भरलेले घोड्याचे तोबरे बांधण्यात आले. श्वास घ्यावा तर राख नाकातोंडात जावी, असा हा छळ. आमच्या वाचकांनी क्षणभर त्या पित्याच्या मनात डोकावून पाहावे. ज्याने प्रांतांचे वसूल हाताळले, ज्याच्या शब्दावर सावकार थैल्या मोकळ्या करीत, त्या पुरुषाला आज शेजारी कोंडलेल्या मुलाच्या तोंडचा तोबरा सोडविता येत नव्हता. बाहेरून फौज चालून आली तर प्रथम बळी जाणार तो आतल्यांचाच. शत्रूला शिक्षा व्हावी ही राज्याची गरज आणि शत्रूचे समाधान व्हावे ही घरची गरज. ओलिसाच्या प्रसंगात या दोहोंची गाठ सुटत नाही. त्या घडीला मोठेपण, हुद्दा, अक्कल यांतले काहीच कामास येत नाही. कोणीतरी आपली किंमत मोजावी एवढीच आशा उरते.

ती किंमत शाहू महाराजांनी मोजली. खजिन्यात खडखडाट असताना त्यांनी खंडणी भरली आणि मंडळी जिवंत बाहेर आली. एका उन्मत्त सरदारास असा पैसा देणे म्हणजे त्याच्या अपराधास बक्षीस देणे, असा आक्षेप कोणी घेईल. आणि तो अगदीच निराधार नाही. पुढे शाहू महाराजांनी सचिवांस दमाजीवर पाठविले, तो तेही त्याच्या कैदेत पडले. पण खंडणी भरली नसती तर बाजीराव व चिमाजीअप्पा यांच्या नावांचा पुढचा इतिहास लिहिला गेला असता काय, हाही विचार केला पाहिजे.

आम्हांस विशेष वाटते ते पुढील वर्तनाचे. सचिवांच्या सुटकेसाठी बाळाजीपंतांनीच खटपट केली आणि ती यशस्वी केली. कृतज्ञतेने सचिवांच्या मातुःश्रींनी पुरंदर किल्ला त्यांच्या स्वाधीन केला. यथावकाश हिंगणगावची गढी पाडून जमीनदोस्त करण्यात आली आणि दमाजी स्वतः बंदिवान झाला.

आता उरले होते ते सर्वांत मोठे ओलीस. १६८९ साली रायगड पडला तेव्हा येसूबाई सात वर्षांच्या शाहूंसह मोगलांच्या हाती लागल्या होत्या. पुत्र अठरा वर्षांनी सुटला. आई मागेच राहिली. १७१८ मध्ये दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेनअली यास मराठ्यांच्या मदतीची निकड लागली आणि बाळाजीपंतांनी तहाची कलमे ठरविली. स्वराज्याचा मुलूख, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांस मिळावी. त्यांनी १५,००० फौज बादशाही चाकरीस ठेवावी आणि दरसाल १० लक्ष रुपये पेशकश द्यावी. या मोठ्या कलमांच्या जोडीला येसूबाई व इतर मंडळींची मुक्तता हे कलम होते. इतिहासकार चौथाईचा हिशेब मांडतात. महाराजांच्या मनात मात्र आईचे कलम पहिले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

बादशहा फर्रुखसियर याने तह नाकारला, तेव्हा सय्यदाबरोबर मराठी फौज दिल्लीस गेली. बाळाजीपंतांबरोबर बाजीराव होते, तसेच आपल्या नाशिक क्षेत्रातील महादेवभट हिंगणे हेही होते. पुढे दिल्लीतील वकिली हिंगणे घराण्याकडे राहिली. फेब्रुवारी १७१९ मध्ये बादशहा पदच्युत झाला आणि त्या गोंधळात शहरात दंगल उसळून दीड-दोन हजार मराठे मारले गेले. बाळाजी महादेव भानू तेथेच पडले. नाना फडणीस हे त्यांचेच नातू. श्रीवर्धनपासून सोबत आलेल्या घराण्याने येथे अशी किंमत दिली. मार्चमध्ये सनदा हाती आल्या आणि जुलै १७१९ मध्ये येसूबाई साताऱ्यास पोहोचल्या. जवळजवळ तीस वर्षांचा बंदिवास संपला आणि मायलेकरांची भेट झाली.

या यशानंतर बाळाजीपंत फार दिवस जगले नाहीत. प्रवासाच्या व कष्टांच्या शिणाने प्रकृती खालावून एप्रिल १७२० मध्ये सासवड येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या महाराजांनी एकेकाळी त्यांच्या मुलांसाठी खंडणी भरली होती, त्या महाराजांची आई त्यांनी परत आणून दिली होती. ऋणाची अशी फेड फार थोड्यांच्या नशिबी येते. घरचे माणूस परक्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे त्यांस कोणाकडून ऐकावे लागले नव्हते. म्हणूनच सनदांच्या बासनांबरोबर ते येसूबाईंची पालखीही दक्षिणेत घेऊन आले. दिल्लीच्या रस्त्यांवर पडलेल्या त्या शिपायांच्या माता मात्र वाट पाहतच राहिल्या. त्यांचेही स्मरण या ठिकाणी करणे आमचे कर्तव्य आहे.