विश्लेषण : भारतात एचआयव्ही शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि शरीराची इंटरफेरॉन घंटा

फेब्रुवारी १९८६. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मद्रासहून बर्फाच्या डब्यात आणलेले रक्ताचे नमुने तपासले जात होते. त्यातले सहा पिवळे झाले. एड्स हा परदेशातला आजार, आपल्याकडे तो येणार नाही, असं मानणाऱ्या देशात एचआयव्ही आधीच पोहोचला होता. ही तपासणी घडवून आणली होती मद्रास मेडिकल कॉलेजमधील डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. त्या माहेरच्या गायतोंडे.

कोण होत्या सुनीती गायतोंडे?

चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय गायतोंडे कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या एकट्याच मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्यावर हृदयशल्यविशारद सॉलोमन व्हिक्टर यांच्याशी लग्न, मग ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात पॅथॉलॉजीचं प्रशिक्षण. १९७३ मध्ये दोघे परतले. सुनीती यांनी मायक्रोबायोलॉजीत डॉक्टरेट केली आणि आपल्याच कॉलेजात शिकवू लागल्या.

१९८१ मध्ये अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, १९८३ मध्ये विषाणू सापडला. सुनीती हे सगळं वाचत होत्या. सेल्लप्पन निर्मला ही विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधत होती, तेव्हा त्यांनी तिला एड्सची पाहणी सुचवली. निर्मला यांनी सुधारगृहात ठेवलेल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांचं रक्त गोळा केलं आणि ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं. मद्रासमध्ये चाचणीची सोय नव्हती, म्हणून पतीसोबत रात्रीच्या रेल्वेने त्या वेल्लोरला गेल्या. पुढे अमेरिकेतूनही निकालावर शिक्कामोर्तब झालं.

एक गोष्ट मात्र खटकते. चाचणी कशाची आहे, हे त्या महिलांना सांगितलं गेलं नव्हतं. आज तसं करणं बेकायदा ठरेल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. देशाला वेळीच सावध करणारी माहिती ज्यांच्या रक्तातून मिळाली, त्यांना विचारलंच गेलं नव्हतं.

पिवळा रंग नेमकं काय सांगत होता?

ती एलायझा चाचणी होती. विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी ती शोधते. पण अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्याच्या कितीतरी आधी, संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांतच, शरीरात दुसरी घंटा वाजलेली असते. ती इंटरफेरॉनची.

१९५७ मध्ये लंडनमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी हे प्रथिन शोधलं. पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन बाहेर सोडते. शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावर ते चिकटतं, आत निरोप जातो आणि शेकडो जनुकं एकदम कामाला लागतात. चोर शिरलेल्या घरातून आरडाओरडा झाला की गल्लीतले सगळे कड्या लावतात, तसंच हे. यातलं टेथरिन हे प्रथिन नव्या विषाणूंना पेशीच्या पृष्ठभागालाच बांधून ठेवतं. एचआयव्हीने यावरही तोड काढली आहे. त्याचं व्हीपीयू हे प्रथिन टेथरिनला बाजूला सारतं.

मग इंटरफेरॉन औषध म्हणून का देत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो १९८०च्या दशकातच विचारला गेला. एड्सच्या अनेक रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन आधीच भरपूर होतं, तरी आजार वाढत होता. एड्ससोबत होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कर्करोगावर १९८८ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली, पण एचआयव्हीवरचं मुख्य औषध ते झालं नाही. ताप, अशक्तपणा, नैराश्य हे दुष्परिणामही होते.

२०१४ मध्ये माकडांवरील प्रयोगातून कोडं बरंच उलगडलं. एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूचा संसर्ग होताना इंटरफेरॉनचा निरोप अडवला, तर आजार वेगाने वाढला. बाहेरून इंटरफेरॉन दिलं तेव्हा सुरुवातीला संसर्ग रोखला गेला, पण देतच राहिल्यावर पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या. आफ्रिकेतील काही माकडांत हा विषाणू आयुष्यभर राहतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्यात घंटा जोरात वाजते आणि काही आठवड्यांत थांबते. माणसात ती वर्षानुवर्षं वाजत राहते आणि रोगप्रतिकारक पेशी थकून जातात.

ही घंटा शांत करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे विषाणूलाच दाबणं. परभणीच्या जिल्हा रुग्णालयासह राज्यभरातल्या एआरटी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या गोळ्या हेच करतात. विषाणू घटला की इंटरफेरॉनचा गोंगाटही बराच उतरतो. काहींमध्ये थोडा दाह उरतो, त्यावर संशोधन सुरू आहे. तब्येत बरी वाटते म्हणून गोळ्या सोडल्या की विषाणू परत वाढतो आणि घंटाही पुन्हा सुरू होते.

सुनीती यांनी पुढे काय केलं?

डॉक्टर रुग्णांना हात लावायला तयार नव्हते, घरचे त्यांना बाहेर काढत होते. सुनीती यांनी एचआयव्ही रुग्णांत काम करू नये, असं सुरुवातीला त्यांच्या पतीलाही वाटत होतं. त्यांनी ऐकलं नाही. १९९३ मध्ये चेन्नईत त्यांनी वायआरजी केअर ही संस्था उभारली. त्यातली वाय. आर. जी. ही वडिलांच्या नावाची, वाय. आर. गायतोंडे यांची आद्याक्षरं. तपासणी, समुपदेशन, उपचार, संशोधन सगळं एका छपराखाली. एचआयव्हीबाधित तरुण-तरुणींची लग्नंही त्या जुळवत. औषधांनी माणसं जगू लागल्यावर त्यांना संसारही हवा असणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

या संस्थेचं विज्ञानातलं मोठं योगदान २०११ मध्ये जगासमोर आलं. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला. त्यात भारतातून चेन्नईची वायआरजी केअर आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होत्या. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असं दिसलं. २०१७ पासून भारतात निदान होताच प्रत्येकाला औषधं देण्याचं धोरण आहे.

२८ जुलै २०१५ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने चेन्नईत त्यांचं निधन झालं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे पुत्र डॉ. सुनील सॉलोमन हे साथरोगतज्ज्ञ असून तेही एचआयव्हीवरच संशोधन करतात.