तुकोबाराय पडले, पण उठले

तुकोबारायांचा जन्म देहू गावी सन १६०८ साली झाला. घरी महाजनकी, वाण्याचं दुकान, पंढरीची वारी. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून संसाराचा भार कोवळ्या वयातच अंगावर आला. आईबाप गेले. त्यात १६३० चा मोठा दुष्काळ पडला. दिवाळं निघालं. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ लेकरू संतोबा गेलं.

तुकोबा भंडाऱ्या डोंगरावर नामात बसले. मग पूर्वजांचं पडकं विठ्ठलमंदिर नीट केलं. लोकांकडच्या येण्याची खतं भावाबरोबर वाटून घेतली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. आपण बुडालो म्हणून दुसऱ्याला बुडवायचं नाही, हा त्यांचा धर्म.

पुढं अभंगांच्या वह्या बुडवायला लावल्या. तुकोबा १३ दिवस नदीकाठी निर्जळी बसले. वह्या तरल्या, ही आपली श्रद्धा. ज्यांनी बुडवायला लावल्या ते रामेश्वर भटच पुढं शिष्य झाले.

मंडळी, आपल्या वाढवणला कधी अवकाळीनं पीक जातं, कधी होडी दर्यावरून रिकामी येते. तेव्हा तुकोबा आठवावे. नाम घ्यावं, शेजाऱ्याला हात द्यावा आणि सकाळी पुन्हा कामाला लागावं. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!