लावणीकार, कीर्तनकार, संतकवी

लोकप्रिय गीताच्या नशिबी एक विलक्षण योग असतो. ते जितके अधिक गायिले जाते, तितका त्याचा कर्ता पडद्याआड जातो. शिर्डीच्या समाधिमंदिरात धूपारतीच्या वेळी रोज हजारो कंठांतून एक छोटीशी आरती उमटते. शिर्डीलाच पंढरी आणि साईंनाच पांडुरंग मानणारी ती आरती ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती आणि ध्वनिक्षेपक यांच्यामार्फत महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून कधीच पलीकडे गेली आहे. तिच्या अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा आहे. गाणारे ती रोज उच्चारतात. परंतु हा गणू कोण, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो गणू म्हणजे नांदेडला आपली कर्मभूमी मानणारे संतकवी दासगणू महाराज होत.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांचा जन्म ६ जानेवारी १८६८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे झाला. शालेय शिक्षणात मन रमले नाही, म्हणून पोलीस खात्यात शिपायाची नोकरी पत्करली. कवित्वाची देणगी मात्र उपजत होती. तिला पहिली वाट मिळाली ती तमाशाच्या फडात. तरुण गणेशरावांनी लावण्या रचल्या, त्या फडांतून गायिल्या गेल्या, त्यांना टाळ्याही मिळाल्या. ब्राह्मण घरातील मुलाने तमाशाच्या नादी लागावे, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजाला रुचणे शक्य नव्हते.

नानासाहेब चांदोरकर यांच्यासमवेत ते शिर्डीला गेले आणि साईबाबांच्या सहवासात त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. मात्र हे परिवर्तन एका रात्रीत घडले नाही. नोकरी सोडावी, असे बाबा वारंवार सुचवीत राहिले आणि फौजदारकीच्या आशेने गणेशराव ते पुढे ढकलीत राहिले. नोकरीच्या पाशात गुंतलेल्या कोणाही माणसाला ही ओढाताण परकी वाटणार नाही. अखेर १९०३ साली त्यांनी खाकी पोशाख उतरविला. वामनशास्त्री इस्लामपूरकर यांना त्यांनी गुरू मानले होते. पुढील आयुष्य त्यांनी कीर्तन आणि संतचरित्रे यांना वाहून टाकले.

कीर्तनकाराचा पोशाख म्हणजे अंगरखा, उपरणे आणि फेटा. हा थाट करून निघालेल्या दासगणूंना बाबांनी नवरदेवाची उपमा देऊन तो उतरवायला लावला, असे गोविंदराव दाभोलकरांच्या साईसच्चरितात वर्णन आहे. तेव्हापासून उघडे अंग, गळ्यात हार आणि हाती चिपळ्या हाच त्यांचा वेष झाला. ठाणे-मुंबईच्या सुशिक्षित समाजात साईबाबांचे नाव पोहोचले, त्यात या उघड्या अंगाच्या कीर्तनकाराचा वाटा फार मोठा आहे.

त्याच ग्रंथातील आणखी एक प्रसंग त्यांच्या कवित्वावर प्रकाश टाकतो. ईशावास्य उपनिषदाचा ओवीबद्ध अर्थ लिहिताना दासगणू अडले. पंडितांशी चर्चा करूनही समाधान होईना. विलेपार्ल्याला काका दीक्षितांच्या घरची मोलकरीण तुझी शंका फेडील, असे बाबांनी सांगितले. तिथे भांडी घासणारी एक लहान मुलगी नारिंगी साडीच्या शोभेचे गाणे मोठ्या आनंदाने गात होती. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र फाटके वस्त्र होते. दासगणूंनी सुचविल्यावरून तिला नवी साडी देण्यात आली. एक दिवस ती नेसून ती नाचली-बागडली. दुसऱ्या दिवशी नवी साडी घरी ठेवून ती पुन्हा त्याच चिंध्यांत आली. पण आनंदात तिळमात्र उणेपणा नव्हता. उपनिषदातील त्यागपूर्वक भोगाचा अर्थ कवीला त्या क्षणी उमगला. लोकांच्या ओठांवरच्या साध्या गाण्यात वेदान्त मावू शकतो, हा धडा गीतकार दासगणूंना असा मिळाला.

नोकरी सोडल्यानंतर नांदेड हे त्यांचे मुख्य वास्तव्यस्थान झाले. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामी राजवटीखाली होता. कचेरीची भाषा उर्दू, शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी ही घरात आणि देवळात बोलायची भाषा. अशा काळात कीर्तन ही केवळ भक्तीची बैठक नव्हती. ज्यांना मराठी शाळा मिळाली नाही, त्यांना ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ भेटले ते कीर्तनाच्या रिंगणात. तरीही दासगणूंच्या लेखी उर्दू ही वैऱ्याची भाषा नव्हती. साईंच्या कृपादृष्टीची याचना करणारे त्यांचे हिंदुस्थानी वळणाचे पद आजही शिर्डीच्या आरतीत गायिले जाते. नांदेडचे पारशी व्यापारी रतनजी शापूरजी वाडिया शिर्डीला गेले, तेही दासगणूंच्याच सल्ल्यावरून. धर्माच्या भिंतींना दारे असतात, हे या कीर्तनकाराला ठाऊक होते.

त्यांची ग्रंथरचना विपुल आहे. संतचरित्रांच्या ओवीबद्ध माला, कीर्तनोपयोगी आख्याने, १९१८ साली महेश्वर येथे रचलेली साईनाथ स्तवनमंजरी आणि १९३९ साली शेगावी पूर्ण झालेला २१ अध्यायांचा श्रीगजानन विजय ग्रंथ. लातूर-नांदेडच्या असंख्य घरांत ज्याचे पारायण होते, तो हाच ग्रंथ. नोव्हेंबर १९६२ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, पंढरपूर येथे त्यांचे देहावसान झाले. उमरी तालुक्यातील गोरटे येथील प्रतिष्ठान त्यांची परंपरा चालवीत आहे. त्यांच्या छायेत वाढलेल्या अनंत दामोदर आठवले यांनी, म्हणजेच पुढे स्वामी वरदानंद भारती झालेल्या विद्वानाने, त्यांचे चरित्रही लिहिले.

एवढे सारे असूनही वाङ्मयेतिहासात दासगणूंना ओझरता उल्लेखच मिळतो. भाविकांनी त्यांना पूज्य ठरविले आणि समीक्षकांनी त्याच कारणास्तव दूर ठेवले. दोघांच्याही हातून एकाच प्रकारचा अन्याय झाला. भाविकांना त्यांचा लावणीचा काळ अडचणीचा वाटतो. म्हणून तो पूर्वायुष्यातील स्खलन म्हणून घाईने गुंडाळला जातो. वस्तुतः आरतीची ती सहज उचलता येणारी चाल, पहिल्याच ओळीत श्रोत्याला धरून ठेवण्याची हातोटी, ठेक्यावर चपखल बसणारा शब्द ही फडावरचीच कमाई होय. तमाशाने घडविलेले कसब त्यांनी देवळात आणले. ते गंगेत टाकून दिले नाही.

श्रद्धेपोटी होणारी दुसरी चूक याहून गंभीर आहे. कवीच्या ओव्यांना इतिहासाचा कागद मानले जाते. साईबाबांच्या गुरूंचा संबंध दासगणूंनी सेलूच्या गोपाळराव देशमुखांशी जोडला. तो धागा घेऊन पुढे १९७०च्या दशकात वि. बा. खेर यांच्यासारख्यांनी सेलू-पाथरीचा शोध घेतला. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासनिधीची घोषणा होताच जन्मस्थळाचा वाद पेटला आणि शिर्डीत बंद पाळला गेला. ज्या संताने स्वतःची जात आणि गाव सांगण्याचे टाळले, त्याच्या नावाने दोन गावांनी एकमेकांसमोर उभे राहावे, यासारखा विपर्यास नाही. संतचरित्रकार आख्यान रचतो; त्यातील सत्य भावाचे असते, दप्तराचे नव्हे. हा विवेक पाळला तर दासगणूंचे महत्त्व तसूभरही घटत नाही.

संतकवी दासगणूंना आणखी एका मंदिराची गरज नाही. त्यांच्या लावण्या, पदे, आख्याने यांची पाठशुद्ध, कालानुक्रमे संपादित आवृत्ती निघणे, जुन्या कीर्तनकारांच्या कंठात उरलेल्या चाली ध्वनिमुद्रित होणे आणि या भागातील महाविद्यालयांतून त्यांच्या रचनेचा निःसंकोच अभ्यास होणे, याची खरी गरज आहे. नांदेडचे विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे आणि लातूर त्याच्याच कक्षेत येते. हे काम मराठवाड्याने केले नाही, तर ते दुसरे कोणी करील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. चाली ज्यांच्या स्मरणात आहेत, ती पिढी झपाट्याने मावळत आहे.